गव्हाण मुलांच्याच हातची असावी

डिसेंबर मास अर्धा सरला की आमच्या क्षेत्रातील अनेक घरांत एक प्रश्न उपस्थित होतो आणि फिरत फिरत आमच्यापर्यंत येऊन पोहोचतो. घरातील चार-पाच वर्षांच्या बालकाला शाळेतून नाताळचा तारा, कागदाची साखळी किंवा येशूजन्माचा गोठा करून आणण्यास सांगितलेले असते. ज्या घरात नित्यपूजा, एकादशी, चातुर्मास पाळला जातो त्या घरातील आजीला हे कितपत रुचावे? कीर्तन संपल्यावर बुक्का लावून घेताना ती हळूच विचारते, "बुवा, देवघराशेजारी बसून हे केलेलं चालेल का?" तिच्यामागे उभ्या असलेल्या सूनबाईंची चिंता निराळीच असते. रात्री अकरा वाजता, मूल झोपी गेल्यावर, तो तारा आपल्यालाच चिकटवावा लागणार हे त्यांना ठाऊक असते.

आजीबाईंना आमचे उत्तर असे की, चालेल. मात्र तो तारा कोणाच्या जन्माचा हे मुलाला सांगूनच करावा. त्यांची शंका क्षुद्र आहे असे आम्ही मुळीच मानत नाही. १५६० साली गोव्यात धर्मसमीक्षणसभा स्थापन झाली, ती अखेरची बंद झाली १८१२ मध्ये. त्या काळात ज्यांच्या कुलदेवतांना नदी ओलांडून फोंड्याच्या बाजूस न्यावे लागले, त्यांच्या वंशजांनी ते विसरावे असे कोण म्हणेल? परंतु त्या इतिहासाचा जाब पाच वर्षांच्या मुलाने कापलेल्या कागदी ताऱ्याकडे मागणे न्यायाचे होणार नाही. शिवाय नाताळची कथा मराठी भाषेला काही काल-परवा भेटलेली नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यात राचोल येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ म्हणजे आपल्याच पुराणांच्या वळणावर, आपल्याच छंदात सांगितलेली परकीय भूमीतील कथा. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ती भजन-कीर्तनाच्या अंगाने सांगितली. आम्ही स्वतः टाळ-चिपळ्यांत आयुष्य घालविले असल्यामुळे या गोष्टीचे आम्हांस विशेष अगत्य वाटते. वसईचे ख्रिस्ती बांधव सामवेदी, वाडवळी अशा मराठीच्या बोलींतच घरी बोलतात. तेथील फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० च्या जानेवारीत उस्मानाबाद येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. तेव्हा हा सण शेजारच्या घरचा आहे, आणि शेजारच्या घरचा सण मुलाला नीट ओळखता यावा यात कोणत्याही देवघराची हानी नाही.

'नाताळ' हा शब्दच पाहा. तो पोर्तुगीजांकडून आला, पोर्तुगीजांस तो लॅटिनमधून मिळाला आणि त्याचा अर्थ जन्मासंबंधीचा. लॅटिनमधील तो मूळ धातू आणि संस्कृतातील 'जन्' धातू ही एकाच कुळातील भावंडे आहेत. आपले 'जात', 'जातक', 'जन्म' हे शब्द नाताळचे दूरचे सोयरे होत. गोव्यातील ख्रिस्ती माणूस आपल्या दारावर टांगलेल्या ताऱ्याला कोंकणीत 'नकेत्र' म्हणतो, ते तर उघडच आपल्या 'नक्षत्रा'चे रूप आहे. असो. व्युत्पत्तीत शिरलो की आमचे भान राहत नाही.

आता सूनबाईंची अडचण. ती आम्हांस अधिक गंभीर वाटते. मुलाने करावयाची वस्तू आईने केली आणि शाळेने ती फळीवर मांडून तिला बक्षीस दिले, तर त्यात मुलाच्या वाट्याला काय आले? हल्ली तर आईचेही हात लागत नाहीत. दुकानात तयार गोठा मिळतो, आतील बाळ, मेंढपाळ, गुरे सारे एका साच्यातून निघालेले. तारा मिळतो तोही प्लास्टिकचा, विजेच्या माळेसकट. आणि नाताळची जी हस्तकला मूळ गरीब माणसाच्या व लहान मुलाच्या हाताची, ती मुलाच्या हातून निसटून जाते.

हे 'गरीब माणसाच्या हाताची' म्हणणे आम्ही उगाच करीत नाही. गोठा मांडण्याची प्रथा ज्या प्रसंगाशी जोडली जाते तो प्रसंग १२२३ सालचा. इटलीतील ग्रेच्चो नावाच्या डोंगराळ गावी असिसीचे संत फ्रान्सिस यांनी नाताळच्या रात्री एक गव्हाण ठेविली, तीत गवत पसरले, शेजारी खराखुरा बैल आणि गाढव आणून उभे केले आणि गावकऱ्यांस बोलाविले. हेतू एवढाच की, ज्यांस लॅटिन कळत नाही त्यांस ते दारिद्र्यातील जन्मस्थान डोळ्यांनी दिसावे. सोने नाही, रेशीम नाही. पेंढा आणि दोन मुकी जनावरे. गंमत अशी की, येशूजन्माची हकीकत सांगणाऱ्या शुभवर्तमानांत त्या ठिकाणी बैल आणि गाढव यांचा उल्लेखच नाही. यशया नामक प्राचीन संदेष्ट्याच्या ग्रंथात धन्याला ओळखणारा बैल आणि गाढव येतात, तेथून परंपरेने ती दोन्ही जनावरे गोठ्यात आणून बांधली. मुलांना विचाराल तर त्या गोठ्यात त्यांना प्रथम हवी असतात ती गुरेच. शाडूची माती हाती द्या. बाळ जमणार नाही, गाय हमखास जमेल. तिला पाच पाय झाले तरी मोडून पुन्हा करू नये.

फ्रान्सच्या दक्षिणेस प्रोव्हान्स नावाचा प्रांत आहे. १७८९ च्या राज्यक्रांतीनंतर तेथील चर्चची दारे बंद झाली, तेव्हा लोकांनी गोठा घरात मांडावयास घेतला. त्यासाठी मातीची लहान लहान चित्रे लागू लागली. ती प्रांतिक बोलीत 'सांतों' म्हणजे छोटे संत या नावाने ओळखली जातात. मार्सेय शहरातील लान्येल नावाच्या कारागिराने साचे करून ही चित्रे स्वस्त केली आणि १८०३ पासून तेथे त्यांची जत्रा भरू लागली. आम्हांस मौज वाटते ती त्या चित्रांतील मंडळींची. केवळ मेंढपाळ आणि राजे नव्हेत. पाववाला आहे, कोळीण आहे, चाकूला धार लावणारा आहे. गावातील प्रत्येक धंद्याचा माणूस आपापली भेट घेऊन त्या बाळाकडे निघालेला. दिवाळीत आमच्या अंगणातील मातीच्या किल्ल्यावर मावळ्यांच्या जोडीने कुंभाराकडची गवळण आणि वाणी जाऊन बसतात, त्याची आठवण येथे कोणास होणार नाही? म्हणून आमचे सांगणे की, गोठ्यासाठी विकतची चित्रे आणू नयेत. मुलाला आपल्या आळीत दिसणारी माणसे करू द्यावीत. फुलवाली, दूध घालणारा, बोहारीण. प्रोव्हान्सच्या लोकांनी नेमके हेच केले होते.

गोठा करावा कसा? जोड्याचा किंवा बिस्किटांचा पुठ्ठ्याचा डबा आडवा ठेवला की तीन भिंती आणि छप्पर तयार होते. छपरावर भाताचा पेंढा. तो न मिळाल्यास जुन्या केरसुणीचे हीर चालतात. भिंतींना गेरू किंवा माती कालवून बोटांनीच सारवावी. हे सारवणे तीन वर्षांच्या मुलालाही जमते आणि त्यात त्याला जो आनंद होतो तो कात्रीने रेघेवर कापण्यात कधीच होत नाही. काड्यापेटीची आतली पेटी म्हणजे गव्हाण. तीत पेंढ्याचे चार तुस घातले की झाले.

या गव्हाणीची एक रीत आम्हांस फार आवडते आणि ती शाळेच्या कामात सहसा येत नाही. कॅथलिक घरांत गोठा आधीपासून मांडतात, परंतु गव्हाण रिकामी ठेवितात. बाळ ठेवावयाचे ते २४ डिसेंबरच्या रात्री. कित्येक घरांत त्या अगोदरच्या दिवसांत मुलाने एखादे चांगले काम केले की त्याने पेंढ्याची एक काडी गव्हाणीत टाकावयाची, म्हणजे बाळाला निजावयास मऊ होईल. तीन राजेही एकदम येत नाहीत. त्यांची चित्रे खोलीच्या दूरच्या कोपऱ्यातून रोज थोडी थोडी पुढे सरकवीत नेतात आणि ६ जानेवारीस ती गोठ्यापाशी पोहोचतात. रामनवमीस दोन प्रहरी बारापर्यंत पाळणा रिकामा ठेवून वाट पाहण्यात जी उत्कंठा असते ती आम्ही जन्माच्या कीर्तनाला उभे राहून अनेक वर्षे अनुभवली आहे. मुलाला वस्तू लगेच हवी असते. पंधरा दिवस रिकाम्या पेटीकडे पाहत राहणे आणि तरी कंटाळू नये, असे शिक्षण देणारी दुसरी हस्तकला आम्हांस ठाऊक नाही. तयार गोठ्यात बाळ आधीच चिकटविलेले असते, ही आमची त्याविरुद्धची मुख्य तक्रार.

त्याच प्रोव्हान्स प्रांतात ४ डिसेंबरला, संत बार्बारा हिच्या दिवशी, तीन बशांत ओला कापूस किंवा माती पसरून गहू पेरतात. नाताळपर्यंत ते हिरवे होतात. मग त्यांना तांबडी फीत बांधून ते गोठ्याजवळ आणि जेवणाच्या मेजावर ठेवितात. रोपे सरळ आणि हिरवीगार आली तर वर्ष सुभिक्षाचे, अशी समजूत. गोव्यातही गोठ्याभोवतीच्या हिरवळीसाठी नाचणी पेरतात. ज्या घरात आश्विनात घटाभोवती माती पसरून धान्य पेरले जाते, त्या घरातील आजीला हे काम आम्ही शिकवावे काय? येथे तर तीच गुरू. तिकडच्या थंडीत तीन आठवडे लागतात, आपल्याकडे आठ-नऊ दिवस पुरतात. हे पान वाचकांच्या हाती पडेल तेव्हा नाताळला इतके दिवस बहुधा उरलेले असतील. आजच मूठभर गहू रात्री भिजत घालावेत, उद्या पसरटशा भांड्यात दोन बोटे माती घेऊन पेरावेत आणि रोज पाणी शिंपडण्याचे काम मुलाकडे सोपवावे. पाणी जास्त होऊन गहू कुजले तर पुन्हा पेरावेत. अशा वेळी आजीने मुलाच्या नकळत रात्री पाणी काढून टाकू नये, एवढा निग्रह तिने ठेवावा.

ताऱ्याची गोष्ट आम्हांस, संस्कृताचा विद्यार्थी या नात्याने, अधिक आवडते. जर्मनीत नीस्की नावाच्या गावी मोरेव्हियन पंथाच्या लोकांची मुलांची शाळा होती. १८३० च्या दशकात तेथील मुलांना भूमिती समजावी म्हणून कागदाचा अनेक टोकांचा तारा करावयास देत. पुढे हेर्नहुट गावी त्याचा मोठा व्यवसाय झाला. त्याचा आजचा प्रमाण आकार पंचवीस टोकांचा, त्यांपैकी सतरा टोकांचा पाया चौकोनी आणि आठांचा त्रिकोणी. सव्वीसाव्या जागी दिवा आत सोडण्याची वाट. आमच्या शुल्बसूत्रकारांनी यज्ञवेदी मांडण्यासाठी दोरी घेऊन चौरस, त्रिकोण आणि श्येनपक्ष्याची आकृती साधली. 'शुल्ब' म्हणजे दोरीच. दोन्ही ठिकाणी पवित्र वस्तू घडविता घडविता भूमिती हाती आली. मात्र पंचवीस टोकांचा तारा चार वर्षांच्या मुलाला सांगणे हा त्या मुलावर जुलूम आहे. तो दहा-बारा वर्षांच्या मुलांचा अभ्यास होता.

लहानांसाठी पाच टोकांचा कामट्यांचा ताराच बरा. फिलिपाईन्स देशात १६ ते २४ डिसेंबर या दिवसांत पहाटेच्या प्रार्थनेला जातात, त्या सुमारास तेथे घरोघर असे बांबूचे व पातळ कागदाचे तारे लागतात, त्यांना 'पारोल' म्हणतात. गोव्यात व वसईत दिसणारा तारा त्याच घाटणीचा आणि दिवाळीचा आपला आकाशकंदीलही त्याच साहित्याचा. सारख्या लांबीच्या दहा कामट्या घ्याव्यात. पाचांचा एक असे दोन तारे बांधावेत, ते एकावर एक ठेवून पाचही टोके दोऱ्याने आवळावीत आणि जेथे कामट्या एकमेकींस छेदतात त्या पाच जागी बोटभर लांबीचे तुकडे मध्ये उभे करावेत, म्हणजे तारा फुगतो. हे काम आजोबांचे. मुलाचे काम पतंगाचा कागद खळ लावून चिकटविण्याचे आणि खाली झिरमिळ्या सोडण्याचे. खळ घरीच मैद्याची शिजवावी, परंतु जुन्या सवयीने तीत मोरचूद घालू नये. ते विष आहे आणि लहान मुलांची बोटे कामाच्या मध्येच तोंडात जातात. कागदाला सुरकुत्या पडतील. त्यावर संध्याकाळी पाणी शिंपडून वाळू दिले की बऱ्याच सुरकुत्या ताणून निघतात, हे पतंग-कंदील करणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. आत मेणबत्ती नको, लहानसा विजेचा दिवा सोडावा.

पाच-सहा वर्षांच्या मुलाला डेन्मार्कचे विणलेले हृदय जमते. दोन रंगांच्या कागदाच्या घडीला दुमडीकडून काप देऊन त्या पट्ट्या एकमेकींच्या आतून-बाहेरून ओवावयाच्या, म्हणजे उघडता येणारी छोटी पिशवी होते. तीत सुकामेवा घालून झाडाला टांगतात. कथाकार हान्स ख्रिश्चन अँडरसन याने १८६० साली केलेले असे हृदय अद्याप जपून ठेविलेले आहे. आपल्या शाळांतील कागदी चटईची ही बहीणच. प्रथम चटई येऊ द्यावी, मग हृदय.

सर्वच वस्तू सरसकट कराव्यात असे मात्र आमचे मत नाही. संत्र्याला तांबडी फीत बांधून वर मेणबत्ती आणि चार काड्यांवर सुकामेवा व मिठाई लावतात, त्यास इंग्लंडात 'ख्रिस्टिंगल' म्हणतात. १७४७ साली मोरेव्हियन पंथाच्या एका धर्मगुरूने जर्मनीतील मारिएनबोर्न येथे मुलांना तांबडी फीत बांधलेल्या मेणबत्त्या दिल्या, तेथून ही प्रथा निघाली. इंग्लंडात १९६८ पासून ती विशेष पसरली. संत्रे म्हणजे जग, ज्योत म्हणजे ख्रिस्त, फीत म्हणजे त्याचे रक्त. ही वस्तू चर्चमधील उपासनेचे अंग आहे. नागपुरी संत्री या दिवसांत मुबलक मिळतात आणि करावयास ही सर्वांत सोपी, म्हणून शाळेने ती करून घ्यावी हे आम्हांस पटत नाही. ज्यांची उपासना आहे त्यांच्याकडे ती श्रद्धेने होऊ द्यावी. आपल्या नैवेद्याचे ताट कोणी देखाव्यासाठी मांडले तर आपल्यास जे वाटेल तेच त्यांना वाटेल. तारा, गहू, गोठा यांची गोष्ट वेगळी. ती अंगणातली आणि ओसरीवरची कामे आहेत, आणि अनेक देशांत अंगणातच वाढली.

आणि कापसाचा बर्फ? बेथलेहेमचा गोठा कापसात बुडविण्याचे कारण आम्हांस कळलेले नाही. बर्फ आला तो उत्तर युरोपच्या चित्रांतून. थर्माकोलच्या सजावटीवर तर महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्येच बंदी घातली आहे, तरीही शाळेच्या यादीत ते अधूनमधून डोकावते. आळीतील एका आईने ती यादी आम्हांस दाखविली होती. एका गोठ्यासाठी अकरा विकतच्या वस्तू, आणि त्यांत माती कोठेच नाही!

या बाबतीत दूर जाण्याचे कारण नाही. जर्मनीतील फ्रोबेल यांनी १८३७ मध्ये बालोद्यान काढले आणि कागद विणणे, दुमडणे, माती मळणे यांना शिक्षणात स्थान दिले, हे खरे. परंतु आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीस आणि १९५७ पासून कोसबाडला पाने, बिया, शंखशिंपले, माती एवढ्या भांडवलावर बालवाड्या चालविल्या. विकतचे साहित्य परवडणार नाही अशा वस्तीतच त्यांचे काम उभे राहिले. बोर्डी, कोसबाड आणि वसई आज एकाच पालघर जिल्ह्यात येतात. तेथल्या किनाऱ्यावरील शिंपला वसईच्या गोठ्यात गव्हाण म्हणून बसला तर कोणी हरकत घेईल काय?

शिक्षकांस आमची विनंती अशी की, वस्तू घरून आणावयास सांगू नये. शाळेतच दोन तास माती आणि कागद द्यावा. ते जमत नसेल तर निदान बक्षीस ठेवू नये. बक्षीस आले की आईचा हात आलाच. आणि आजी-आजोबांस विनंती अशी की, हात चालू असताना गोष्ट सांगावी. धर्मशाळेत जागा न मिळालेले ते जोडपे, जनावरांच्या दावणीत झालेला जन्म, रात्रपाळीने मेंढरे राखणारे मेंढपाळ हे सर्व मराठी मुलाला समजावयास काही कठीण नाही. त्या जन्माला सर्वांत आधी कोण आले, असे विचारले की मूल 'मेंढपाळ' म्हणते आणि लगेच आपल्या मातीच्या मेंढराकडे पाहते.

शेजारी ख्रिस्ती कुटुंब असेल तर वाळलेला तारा मुलाने स्वतःच नेऊन द्यावा. तारा वाकडा असला म्हणून आईने सोबत विकतचा देऊ नये. गव्हाचे ताट नाताळ झाल्यावर अंगणात जमिनीत लावावे किंवा गाईपुढे ठेवावे. ६ जानेवारीनंतर तारा उतरवून कागद काढून टाकावा. कामट्या मात्र दोऱ्याने बांधून माळ्यावर जपाव्यात, त्याच पुढल्या दिवाळीच्या आकाशकंदिलाला चालतात.